गळक्या तोटीची तात्पुरती डागडुजी

श्रीवर्धनच्या वाड्यांत पूर्वी न्हाणीघर म्हणजे एक दगड, पाण्याचे घंगाळ आणि धुमसणारा बंब. सांडलेले पाणी पाटाने नारळाच्या आळ्यात जायचे. आता समुद्र पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाडीत खोल्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर फवाऱ्याचे नळ आले. या नळाच्या तोटीवर एक खुंटी असते. ती वर ओढली की आतली पट्टी तोटीचे तोंड मिटते आणि पाणी फवाऱ्याकडे चढते. पट्टीचे रबर झिजले किंवा तिथे क्षार साचले की तोंड नीट मिटत नाही. मग वर फवारा रडतो आणि खाली धार लागते.

शेतीखात्यातल्या माणसाने तोटीविषयी का बोलावे? कारण हे पाणी वाडीच्याच विहिरीतले आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा फार झाला की खारे पाणी वर सरकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या पोफळी आडव्या झाल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. पुन्हा उभ्या केलेल्या बागेला मे महिन्यात मचूळ पाणी पाजून कसे चालेल?

एका वाडीत मी फवारा सुरू करून तोटीखाली लिटरचे माप धरले. अर्ध्या मिनिटात भरले. घरच्या काकू म्हणाल्या, “साहेब, एवढ्याशा पाण्याचे काय ते!” मी हिशेब मांडला : दहा मिनिटांच्या अंघोळीत २० लिटर, चार पाहुण्यांचे ८० लिटर. ठिबकावरच्या पोफळीला उन्हाळ्यात रोज सोळा ते वीस लिटर लागते. म्हणजे चार झाडांचे पाणी मोरीत गेले. काकूंनी लगेच मुलाला पान्हा आणायला पिटाळले.

प्रथम त्या नळाचा कॉक बंद करावा आणि मोरीच्या जाळीवर फडके घालावे. तोटीवर कापड गुंडाळून ती पान्ह्याने सोडवावी. आतली रेती झटकावी. क्षार असतील तर तोटी अर्धा तास लिंबाच्या रसात बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशाने घासावी आणि स्वच्छ धुवावी. रबराची चकती सुटी निघत असेल तर उलटून बसवावी. फाटलेली असेल तर सायकलच्या ट्यूबमधून त्याच मापाची कापावी. आट्यांवर टेफ्लॉनची टेप पाच-सहा वेढे, तोटी आवळली जाते त्याच दिशेने, गुंडाळावी आणि तोटी हाताने बसवून बेताने आवळावी.

रबर चांगले असूनही खुंटी खाली घसरत असेल, तर दोष दाबाचा असू शकतो. टाकी कमी उंचीवर असली की पाण्याला जोर नसतो. अशा वेळी अंघोळीपुरती खुंटी सुतळीने वरच्या नळीला अडकवावी. तोटीचे तोंड मात्र चिंधी कोंबून बंद करू नये; चिंधी आत अडकली की नवेच दुखणे होते.

इतके करूनही थोडे गळेलच. ते बादलीत धरावे आणि साबण नसलेले पाणी आळ्यात घालावे. ट्यूबची चकती थोड्या दिवसांची सोबतीण. म्हणून डागडुजीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पुढच्या बाजारफेरीत नवे वायसर किंवा नवी तोटी आणून बसवावी.