मिशीचे मेण : एक तुलना

विषय क्षुल्लक आहे, हे आधीच कबूल करतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांसमोर मिशीचे मेण घेऊन बसणे शोभत नाही, याचीही आम्हाला कल्पना आहे. परंतु गेली दोन वर्षे आम्ही जी एकमेव तुलना मनापासून आणि पुरावे गोळा करून केली ती हीच. तिचा शेवट जिथे झाला तिथे तो होईल असे आरंभी वाटले नव्हते, म्हणून ती लिहून काढतो आहोत.

आरंभ एका शब्दापासून करावा लागेल. संस्कृतात 'श्मश्रू' म्हणजे दाढीमिशा. मराठीत मात्र 'श्मश्रू करणे' म्हणजे त्या उतरवणे. अर्थबदलाचे उदाहरण म्हणून हा शब्द आम्ही पंचवीस वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो. २०२३च्या जानेवारीत आमचे वडील गेले आणि दहाव्या दिवशी घाटावर न्हाव्याने तो अर्थबदल आमच्या वरच्या ओठावर करून दाखवला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून राखलेली मिशी तीन मिनिटांत गेली.

बाप हयात असताना मिशी काढायची नाही आणि बाप गेल्यावर काढायची, हा संकेत आता नव्या पिढीला सांगावा लागतो. कधीकाळी तो इतका पक्का होता की दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांच्या मिशा उतरवून घेणे अवघड गेले. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) तो प्रसंग पाहताना चित्रपटगृह हसले होते. आम्हीही हसलो होतो. वडील तेव्हा शेजारच्याच खुर्चीत होते.

तीन-चार महिन्यांत मिशी परत आली, पण ती आमची जुनी मिशी नव्हती. पांढरी, राठ आणि स्वतंत्र विचारांची होती. डावी बाजू खाली वळे, उजवी पुढे येई, आणि चहाचा पहिला घोट मिशी पिई. हिने एकदा पाहिले आणि म्हणाली, "अहो, एक तर कापा, नाही तर काहीतरी लावून तिला वळण लावा." कापायला मन होईना. म्हणून मेणाच्या शोधाला लागलो.

मिशीच्या मेणाकडून दोन गोष्टी हव्या असतात : पकड आणि वळण. पकड म्हणजे सकाळी दिलेला आकार संध्याकाळपर्यंत टिकणे. वळण म्हणजे केस मुळात आपल्याला हवे तिकडे जाणे. या दोन गुणांचे एकमेकांशी फारसे पटत नाही, हे आम्हाला तीन मेणे विकत घेतल्यावर कळले.

पहिले मेण चपट्या गोल डबीतले. मधमाशीचे मेण, बदामाचे तेल, शिया बटर आणि चंदनाचा वास. बोटाला लगेच लागते, केसांवर सहज पसरते, फणी अडखळत नाही. वळण उत्तम. सकाळी आठ वाजता आरशात आम्ही संस्थानिक दिसत होतो. दुसऱ्या तासिकेला टोके किंचित झुकली आणि एप्रिलच्या दुपारी बारा वाजता मिशी पूर्ववत लोकशाहीवादी झाली. कारण साधे आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यात कालवलेली तेले आणि स्निग्धे त्याच्या पुष्कळ आधी पातळ होतात. त्यातून मिशीचे घर नाकपुड्यांच्या खाली. प्रत्येक उच्छ्वासाची ऊब आणि ओल तिच्यावरून जाते. पंचेचाळीस मिनिटे बोलणे हा ज्याचा धंदा आहे त्याने मऊ मेणाच्या भरवशावर राहू नये.

दुसरे मेण नळीतले, पाण्यात विरघळणारे. याची परंपरा जुनी. एकोणिसाव्या शतकात युरोपात 'हंगेरियन पोमेड' या नावाने जे मिशीचे लेप खपत, त्यांत मेणाबरोबर डिंक आणि साबण असे. ओले असताना मिशीला हवा तो आकार द्यावा. पाणी उडून गेले की डिंकाचा पापुद्रा केसांना जखडून ठेवतो. उन्हाने त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते ओलाव्याने. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप तोंडाला लावला आणि वाफेने मिशीचा अर्धा पराक्रम ओघळला. मग समजले की त्याच शतकातल्या इंग्लंडात मिशीवाल्यांसाठी खास कप का निघाले होते : कपाच्या कडेशी आतून एक आडवी पट्टी, तिच्यावर मिशी टेकवायची आणि खालच्या फटीतून चहा प्यायचा. दुसरा दोष असा की वाळलेला डिंक दुपारनंतर पांढऱ्या कणांनी गळू लागतो. काळ्या मिशीला ही नाचक्की आहे. आमच्या मिशीत ते कण खपून गेले, एवढाच वार्धक्याचा फायदा.

तिसरे मेण खरे कडक. मधमाशीच्या मेणात राळ आणि ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण. हे शेवटचे ८० अंशांच्या पुढे वितळते. डबीत बोट फिरवून काही हाती लागत नाही. अंगठ्याच्या नखाने खरवडायचे, चिमटीत चोळून ऊब द्यायची, आणि ते पुन्हा घट्ट होण्याच्या आत नाकाखालून बाहेरच्या बाजूला लावत जायचे. उशीर झाला तर गुठळ्या. पण एकदा बसले की बसले. परीक्षेच्या सकाळच्या सत्रापासून संध्याकाळच्या बैठकीपर्यंत टोके जशीच्या तशी. साल्वादोर दालीचा मृतदेह २०१७ साली न्यायालयाच्या आदेशाने उकरला, तेव्हा मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीही त्याची मिशी घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखी उभी होती. त्या बातमीचा अर्थ आम्हाला या मेणाने समजावला. मात्र रात्री ते काढताना डोळ्यांत पाणी येते. नुसत्या पाण्याने ते हलत नाही. आधी कोमट तेल चोळून सैल करावे, मग साबण. घाई केली की मेणाबरोबर केसही येतो.

इथे तुलना संपायला हवी होती : घाईच्या सकाळी पहिले, कोरड्या हवेत दुसरे, समारंभाला तिसरे. पण या तिन्ही डब्या ओळीने मांडून बसलो असताना आम्हाला चौथी डबी आठवली.

वाईला आजीची फणीकरंड्याची पेटी होती. झाकण उघडून मागे टेकवले की आतला आरसा उभा राहायचा. खाली फणी, करंड्यात कुंकू आणि शेजारच्या लहान डबीत मेण. मधमाशीच्या मेणाचा गोळा आणून ती तो खोबरेलाबरोबर वाटीत वितळवी, फडक्यातून गाळी आणि डबीत ओती. रोज आंघोळीनंतर कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवायचे, ते वाटोळे करायचे आणि त्यावर पिंजर बसवायची. मेण नसेल तर कुंकू घामाबरोबर नाकावर यायचे. जुन्या घरांतल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. टिकलीच्या मागचा चिकट थर आला आणि ती डबी माळ्यावर गेली.

अण्णा, म्हणजे आमचे आजोबा, मामलेदार कचेरीत कारकून. पगार तुटपुंजा, मिशी मात्र जहागीरदाराची. घरात खायला नसताना मिशीला तूप लावून हिंडणाऱ्याची आपल्या भाषेने थट्टा केली आहे. अण्णांनी तूप लावले नाही. ते आजीच्या पेटीसमोर उकिडवे बसत, तिच्या मेणात बोट घालत आणि टोकांना पीळ देत. आजी चुलीपुढून म्हणायची, "पुन्हा घातलंत माझ्या करंड्यात बोट? डबी आठवडाभर पुरत नाही." त्यावर अण्णा मिशीत हसत. एकाच डबीतले मेण सकाळी सातला एका ओठावर आणि साडेसातला एका कपाळावर जायचे.

१९७७ साली अण्णा गेले. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे. आमच्या वडिलांची मिशी उतरवली गेली, ती काही महिन्यांनी परत आली. आजीचे कुंकू पुसले गेले, ते परत आले नाही. ती पेटी खिडकीखालीच राहिली. तिच्यासमोर कुणी बसत नव्हते. डबीतल्या मेणावर बोटाचा खळगा तसाच होता. तो आजीच्या बोटाचा की अण्णांच्या, हे आम्ही तेव्हा विचारले नाही.

हे आठवल्यावर तिच्याच पद्धतीने मेण करून पाहावे असे वाटले. मधमाशीच्या मेणाचा तुकडा आणला. दोन भाग मेण, एक भाग खोबरेल. वाटी उकळत्या पाण्यात धरून वितळवले आणि एक थेंब गार स्टीलच्या ताटलीवर टाकून पाहिला. नखाने खरवडता आला पाहिजे आणि चिमटीत मऊ झाला पाहिजे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. म्हणून हेच मेण पुण्याच्या डिसेंबरात दगड होते आणि मे महिन्यात लोणी. उन्हाळ्यात मेण वाढवावे, हिवाळ्यात तेल. पकड तिसऱ्या डबीइतकी नाही, वळण पहिल्याइतके नाही. पण चहाला ते घाबरत नाही आणि रात्री मुकाट्याने निघते. आम्ही दोन डब्या भरल्या. एक का नाही भरली, हे सांगता येणार नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळे पाहत होती. वडील गेल्यापासून तिचे कपाळ रिकामे आहे. पुसण्याचे काम आत्याबाईंनी केले. आम्ही त्याच खोलीत, ताज्या श्मश्रूनिशी, उभे होतो. हिने आमच्याकडे पाहिले होते. आम्ही खिडकीकडे पाहिले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. त्यानंतर राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. तो ठराव आम्ही वर्गात वाचून दाखवला होता. तो वाचून आठ-नऊ महिनेच झाले होते.

आई म्हणाली, "तुझी मिशी परत आली, तेव्हा कुणी काही बोललं का रे?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"नाही ना," ती म्हणाली आणि आत गेली. आवाजात तक्रार नव्हती. खरोखरच विचारल्यासारखे विचारले होते.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले. ते पुस्तक आम्ही किती वर्गांना शिकवले याची मोजदाद नाही. जे नियम स्त्रीला लागू तेच पुरुषाला का नाहीत, हा त्यातला रोखठोक प्रश्न उत्तरपत्रिकेत पाच गुणांसाठी विचारलाही आहे. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की त्याचे उत्तर आम्ही स्वतःच्या ओठावर रोज सकाळी फणीने विंचरत होतो. शोक दोघांच्याही अंगावर लिहिला गेला होता. आमच्या शोकाला मुदत होती.

ओठावरचे नियम बदलतात, हे इतिहासात पुष्कळदा दिसले आहे. ब्रिटिश सैन्यात १८६०च्या दशकापासून वरचा ओठ भादरायला मनाई होती. म्हणजे मिशी ही सक्ती होती. १९१६च्या ऑक्टोबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, एका हुकुमाने ती सक्ती उठली. ज्याला ठेवायची त्याने ठेवली, ज्याला काढायची त्याने दुसऱ्या दिवशी काढली. कपाळावरचे नियम हुकुमाने किंवा ठरावाने पुष्कळ सैल होतात, पण घरातल्या माणसाने तोंड उघडले नाही तर ठराव उंबरठ्यापाशी थांबतो. आमच्या घरी तो थांबला होता आणि तोंड आमचे होते.

आम्ही दुसरी डबी आईच्या खोलीत आरशापाशी ठेवली. ठेवताना एवढेच म्हणालो, "आई, तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं." ती अंथरुणाच्या घड्या घालत होती. "आता काय त्याचं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आजींच्यासारखं झालंय का बघू," म्हणून तिने झाकण उघडले, वास घेतला आणि डबी परत ठेवली.

चार-पाच दिवसांनी आम्ही विचारले. तिने पायाच्या भेगांना ते लावायला सुरुवात केली होती. गुण आहे म्हणाली. कपाळाचा विषय तिने काढला नाही. आम्हीही काढला नाही. तिच्या कपाळावर काय असावे हे ठरवण्याचा अधिकार आत्याबाईंकडून काढून आम्ही आपल्याकडे घ्यायचा, हाही न्याय नव्हे. गेल्या महिन्यात नातीच्या बारशाला निघताना मात्र ती आरशासमोर जरा जास्त वेळ बसली. बाहेर आली तेव्हा कपाळावर काही नव्हते. पण डबीतल्या मेणावर, मधोमध, बोटाचा एक खळगा होता. भेगांसाठी ती कडेने खरवडून घेते.

ज्यांना केवळ मेणाबद्दल जाणून घ्यायचे होते त्यांच्यासाठी निष्कर्ष : रोजच्या वापराला घरचे मेण पुरेसे आहे. दोन भाग मेण, एक भाग खोबरेल, उन्हाळ्यात मेण थोडे जास्त. एका वेळी दोन डब्या भराव्यात.