दोन सूत, चार सूत

खूप दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात "ब्लॉग बंद केलास का रे?" असं विचारणारे दोन मेल आले, आणि सांगलीच्या आत्याचा फोन आला, की भिंतीला भोक पाडल्यावर पुढे काय झालं ते तिला कुणीच नीट सांगत नाही. तर आत्या, हे मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्या मंडळींनी वाचलं तर आनंदच आहे.

आमचं पंढरपूरचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फूट रुंद भिंती, आणि डोक्यावर माळवद. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा चाळीशीच्या वर असला तरी माजघरात दुपारी सुखानं झोप लागते. अपवाद फक्त परसाकडच्या खोलीचा. तिचं माळवद मी शाळेत असताना एका पावसाळ्यात खचलं आणि आजोबांनी तिथे पत्रे टाकून घेतले. तेव्हापासून ती खोली म्हणजे भट्टी. आणि आई गेल्यापासून अण्णा नेमके तिथेच राहतात. का, तर बाथरूम जवळ पडतं, आणि पुढचा सोपा नि माजघर वारीला दिंडीच्या लोकांना मोकळं ठेवायचं असतं. चार वाऱ्यांसाठी वर्षभर जागा मोकळी ठेवायची हे गणित फक्त पंढरपूरच्या माणसालाच कळू शकतं.

मे २०२४ मध्ये एका दुपारी अण्णा खुर्चीतून उठताना कोसळले. डॉक्टर म्हणाले, या वयात तहान कमी लागते, घाम कमी येतो, माणूस उन्हात न जाता घरात बसल्याबसल्याही तापतो. दोन दिवस सलाईन लावून घरी आले. मी तेव्हाच ठरवलं, पुढच्या उन्हाळ्याच्या आत एसी.

अण्णांचा विरोध होता. "पांडुरंगाला पाडव्यापासून मृगापर्यंत चंदनाची उटी लावतात, त्याचं भागतं, आणि मला मशीन कशाला?" मी म्हटलं, "अण्णा, तो दगडी मंदिरात उभा आहे, पत्र्याखाली नाही." यावर ते हसले, म्हणजे अर्धी परवानगी मिळाली. उरलेली अर्धी काकांची. त्यांचं म्हणणं, ती भिंत आजोबांच्या वडिलांनी बांधलेली, तिला भोक पाडायचं नाही, मातीच्या भिंतीत एकदा पाणी शिरलं की ती आतून बसते. मी त्यांना पुण्याहून फोनवर खूप ज्ञान दिलं. (काका, वाचत असाल तर पुढे तुमचंच खरं झालंय, धीर धरा.)

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, मार्च २०२५ मध्ये, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आला. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. बसवायला दोन पोरं आली, चुणचुणीत होती. भिंतीपाशी मात्र त्यांची पंचाईत झाली. विटांच्या भिंतीत ज्या गोल कटरनं पाच मिनिटांत भोक पडतं, तो इथे मातीत घुसला, दगडाला लागला आणि अडकला. शेवटी शेजारच्या गल्लीतून गवंडी बोलावला. त्यानं छिन्नी-हातोडीनं निम्मा दिवस घेतला. आतून माती, भुसा आणि चपटे दगड निघाले. शंभर वर्षांपूर्वीचा भुसा अजून पिवळा होता! मी त्याचे फोटो काढत बसलो.

भोक पडल्यावर मात्र पोरांनी पाऊण तासात काम उरकलं. तांब्याच्या दोन नळ्या असतात, एक बारीक, एक जाड. आमच्याकडे मिस्त्री लोक इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, तेव्हा बारीक ती दोन सूत, जाड ती चार सूत. एसीबरोबर तीन मीटर नळी आली होती, आऊटडोअर परसात ठेवायचा म्हणजे ती पुरेना, म्हणून त्यांनी जादाचा तुकडा कापून जोडला. ते चालू असताना अण्णा दारात उभे होते. हळूच मला म्हणाले, "पाईप करवतीनं कापला रे त्यांनी."

मी म्हणालो, "अण्णा, त्यांचं रोजचं काम आहे ते."

अण्णा आत गेले.

आता इथे सांगायला हवं की अण्णांनी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्या डब्यातल्या डिझेलच्या वासावर तर आम्ही भावंडं मोठी झालो. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात अण्णा म्हणजे पेशंट होते, आणि मी सगळी व्यवस्था करणारा कर्ता मुलगा. असो.

खोली गार झाली. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परत. रोज रात्री फोन. "एसी कसा आहे?" "छान आहे." "गार होतंय ना?" "होतंय की." महिनाभर हेच चाललं. मग एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, अण्णा दुपारभर आमच्या ओसरीवर येऊन बसतात आजकाल. तुझं मशीन नुसतंच वारं घालतंय म्हणे, आणि भिंतीला ओल आलीय."

रात्रीची बस पकडून सकाळी पोचलो. भोकाच्या खाली ताटाएवढा काळपट ओला डाग. बाहेर आऊटडोअरच्या बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ जमलेला. मी चिडलोच. "अण्णा, सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "तू एवढा खर्च केलास. तुझ्या माणसांना मी कशाला नावं ठेवू?"

यावर मला काही बोलता आलं नाही, आणि अजूनही येत नाही.

ज्यांनी बसवला त्यांनी "गॅस टाकून देतो" एवढंच सांगितलं. मग काकांनी (हो, काकांनीच) एका जुन्या मेकॅनिकला गाठलं. पन्नाशीचा माणूस, आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलेला, आणि पुढे वर्षानुवर्षं दूध संकलन केंद्रांवरच्या थंड टाक्या दुरुस्त केलेल्या. त्यानं मशीनकडे बघायच्या आधी विचारलं, "इथं समई कुठं लावता, अण्णा?" नव्या एसीत बहुधा आर-३२ गॅस असतो. जुन्या आर-२२ सारखा तो ओझोनला खात नाही, पण थोडासा ज्वलनशील आहे, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. गळती असलेल्या खोलीत निरांजनसुद्धा नको म्हणाला. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

त्यानं टेप सोडली, भोकातून सगळी नळी बाहेर ओढली आणि जमिनीवर मांडली. नळीचा जोड बरोबर भिंतीच्या पोटात होता. "माऊली, जोड कधी भिंतीत ठेवायचा असतो का? गळला तर कळणार कसा?" नट सोडून त्यानं नळीचं तोंड अण्णांपुढे धरलं. (माझ्यापुढे नाही. त्याला बरोबर कळलं होतं.) अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं. नळीचं तोंड तुतारीसारखं फुलवून नटाखाली दाबायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. त्या फुलाच्या काठाला केसासारखी चीर होती. "करवतीचा कीस राहिला आत," अण्णा म्हणाले, "डिझेल पाईपला असंच व्हायचं. फुलवताना फाटतो." मेकॅनिक म्हणाला, "बरोबर, अण्णा." आणि मग ते दोघं जे बोलायला लागले, ते मी चहा आणेपर्यंत थांबले नव्हते.

पुढचे चार तास मी पहिल्यांदा नीट बघितलं. त्यानं नवी, अखंड, मध्ये जोड नसलेली नळी घेतली. चाकाच्या कटरनं गोल फिरवत कापली. तोंड खाली धरून आतला काठ खरवडला, म्हणजे कीस आत पडायला नको. नट आधी नळीत घातला (हे विसरलं की पुन्हा कापा), मग फुलवली, फुलावर तेलाचा थेंब लावला, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्यानं दिला. जास्त आवळलं तरी तांबं चिरतं, हे मला नवीन होतं. बारीक नळीला पोरांनी फोमचं आवरणच घातलं नव्हतं. मला वाटायचं गार फक्त जाड नळी असते. तो म्हणाला, गॅस ज्या अरुंद वाटेनं सुटून गार होतो ती वाट स्प्लिट एसीत बाहेरच्या डब्यातच असते, तेव्हा आत येणारी बारीक नळीसुद्धा गारच, तिलाही घाम येतो. आणि पाण्याच्या पाईपचा उतार तर चक्क आतल्या बाजूला! काकांची भिंत बसवायची पूर्ण तयारी. त्यानं भोकात बाहेरच्या बाजूला उतार देऊन प्लॅस्टिकचा पाईप बसवला, सगळं त्यातून नेलं, आणि तांब्याभर पाणी आतून ओतून ते बाहेर पडतंय हे काकांना दाखवलं. काका काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानं जोड तपासले. आणि मग व्हॅक्यूम पंप. पोरांनी पंप आणलाच नव्हता, मशीनमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा हाकलली होती. त्यानं हवा जाते, ओल राहते, आणि ती ओल तेलात मिसळून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसर खातं. पंपानं आतला दाब इतका उतरवतात की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. अर्धा तास पंपाची घरघर चालू होती. काटा शून्याच्या खाली तीसच्या खुणेशी टेकला. मग पंप बंद करून आणखी वीस मिनिटं तो नुसता काट्याकडे बघत बसला. शेजारी अण्णा खुर्ची टाकून. दोघं गप्प. काटा हलला नाही.

गॅस त्यानं तराजूवर मोजून भरला, मशीनवर लिहिलेलं वजन अधिक जादाच्या नळीचे काही ग्रॅम. दुपारी दोनला चालू केला. २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप चोवीसवर लागतात, तसा तो लागला. अण्णांनी रिमोट हातात घेऊन अठ्ठावीस केला, पंखा दोनवर ठेवला आणि झोपले.

आषाढीला दिंडीतल्या एक आजी त्या खोलीत चक्कर येऊन टेकल्या होत्या, त्यांना तासभर तिथेच झोपवलं. बाकी वारी नेहमीसारखी.

भिंतीचा डाग सुकायला पावसाळा उलटावा लागला. गवंड्यानं तिथे पांढरी मातीच लिंपली, सिमेंट नाही, काकांचा आग्रह. परसात पाण्याच्या पाईपखाली अण्णांनी बादली ठेवली आहे, ते पाणी ते तुळशीला आणि जास्वंदीला घालतात. रात्री फोन केला की आता "छान आहे" म्हणत नाहीत. परवा म्हणाले, "काल पाऊणच बादली भरली. जाळी धुवायला झालीय बहुतेक, तू शनिवारी येणार असशील तर स्टूल धरायला ये."