फुकटचं तिकीट

जरीपटका, नागपूर
रविवार

चि. छोटी,


फोनवर तुझ्याशी धड बोलताच येत नाही. तुझ्याकडे पोरगा खोलीत, माझ्याकडे तुझा बाबा पेपर तोंडासमोर धरून कान इकडे लावून बसलेला. म्हणून लिहून राहिली आहे. पानांचे फोटो काढून पाठवते, वाचून झाले की फोनमधून पुसून टाक.

आधी मुद्द्याचं. वजनाचं ऑपरेशन जिथे केलंस ते इस्तंबूलवाले म्हणून राहिले, परत या, दुसरं ऑपरेशन फुकट, हॉटेल फुकट, तिकीटही आमचंच. तू ‘हो’ म्हणायच्या बेतात आहेस, हे तुझ्या आवाजावरून कळलं. जाऊ नकोस.

पैसे वाचतात हे मलाही कळतं. पण तुझ्या पोटात आत्ता काय आहे ते बघ. जठराचा पाऊण हिस्सा कापून काढला, उरलेल्याची केळीसारखी नळी केली आणि कडेने स्टेपलच्या रांगा मारल्या. ती शिवण वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे, उसवली. गळती बहुतेक तिथेच होते. घरी परतल्यावर बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी पू काढायला नळी घातली, नाकातून दुसरी नळी थेट लहान आतड्यापर्यंत नेऊन तुला जगवलं. आता ते छिद्र बारीक झालं आहे, पण बुजलेलं नाही. अशा जागी दुर्बीण पुन्हा पुन्हा घालून बघावी लागते, सीटी पुन्हा काढावा लागतो, आणि मागच्या वेळी काय दिसलं होतं ते ठाऊक असलेला माणूसच या वेळचं नीट वाचू शकतो. सुजलेल्या, पू झालेल्या जागेवर घाईने परत चाकू लावायचा तर त्याला फार मोठं कारण लागतं. शिवाय पोटातल्या एवढ्या दुखण्यातून उठलेल्या बाईने तासन्‌तास विमानात पाय लोंबकळवत बसायचं म्हणजे रक्ताची गुठळी स्वतःहून बोलावणं.

आणि त्या लोकांचा मला राग आहे, तो लपवत नाही. तुझ्या डाव्या खांद्यात कळ होती, छाती धडधडत होती, आणि त्यांची ती कोऑर्डिनेटर व्हॉट्सअॅपवर ‘गॅस आहे, चाला’ म्हणून फुलं पाठवत होती. मी जन्म सर्जरी वॉर्डात काढला. जाड माणसाच्या पोटात पू असला तरी वरून हात लावला तर पोट मऊच लागतं, त्यावर जाऊन चालत नाही. नाडी १२० च्या वर टिकून राहिली की आम्ही ताप बघायच्या आधी सर्जनला फोन लावायचो. जावईबापूंनी तुला रात्रीच उचलून इमर्जन्सीत नेलं, म्हणून तू हे वाचून राहिली आहेस.

तुला ती इमान अहमद आठवते का? २०१७ ची गोष्ट. अलेक्झांड्रियाची बाई, वजन पाचशे किलोच्या आसपास, वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेली नाही. मुंबईच्या डॉ. मुफज्जल लकडावालांनी ट्विट केलं, सुषमा स्वराज यांनी व्हिसाचं बघितलं, आणि फेब्रुवारीत ती मालवाहू विमानातून मुंबईत आली. सैफी हॉस्पिटलमध्ये तिच्यासाठी वेगळी खोली बांधली होती. क्रेनने पलंगासकट वर चढवताना सगळ्या चॅनेलांनी दाखवलं. आमच्या गल्लीत सिंधी काकूंच्या घरी दाल-पकवान खात आम्ही सगळ्या बाया ते बघत होतो. मार्चमध्ये तिचंही हेच ऑपरेशन झालं, तुझं झालं तेच. वजन झरझर उतरलं. मग एप्रिलात बहिणीने व्हिडिओ काढला, की सांगतात तेवढं वजन उतरलेलंच नाही आणि ही बरी नाही. डॉक्टर म्हणाले, उतरलं आहे, बघा आकडे. मेच्या सुरुवातीला तिला अबुधाबीला हलवलं, आणि सप्टेंबरच्या २५ तारखेला ती तिथेच वारली. ३७ वर्षांची होती.

कोण खरं, कोण खोटं, ते मी इथे जरीपटक्यात बसून ठरवणार नाही. पण एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. हॉस्पिटल वजनाबद्दल बोलत होतं आणि बहीण, ही चालेल का, याबद्दल. तिला लहान वयात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. ऑपरेशन कशासाठी, कुठवर, आणि नंतर कोणी बघायचं, हे दोन्ही बाजूंनी आधी एका कागदावर बसवलंच नसावं असं मला वाटतं. तिच्यासाठी तर सारं जग उभं होतं. तुझ्यासाठी एक कोऑर्डिनेटर आहे, तीही उद्या नोकरी बदलेल.

म्हणून विमानाऐवजी त्यांच्याकडून कागद माग. तुला दिलेल्या एका पानावर ‘ट्यूप मिदे’, म्हणजे ‘नळीचं जठर’, आणि सही एवढंच आहे, त्याचा काही उपयोग नाही. ऑपरेशन नोट पाहिजे. आत कोणत्या मापाची नळी ठेवून जठर कापलं, स्टेपलरची कोणती आणि किती काडतुसं वापरली, कापायला सुरुवात जठराच्या खालच्या तोंडापासून किती अंतरावर केली, शेवटी गळतीची चाचणी केली का. जंतूंचा काही रिपोर्ट असेल तर तोही. आणि बर्मिंगहॅमच्या वॉर्डात तुर्कस्तानचं सगळं सांगितलंस ना? ‘पोट बिघडलं होतं’ एवढ्यावर भागवलं असशील तर उद्याच नीट सांग. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या तिहुआनात अशीच ऑपरेशनं करून अमेरिकेत परतलेल्यांच्या जखमांत भारी अँटिबायोटिकलाही न जुमानणारा जंतू सापडला होता, तिथल्या सरकारने सावधानतेचा इशारा काढला. २०२३ मध्ये तर तुर्कस्तानातच वजनासाठी जठरात बोटॉक्सची सुई घेतलेल्यांना घरी परतल्यावर एकाचे दोन दिसायला लागले, गिळता येईना. जर्मनीच्या डॉक्टरांनी मग ते बॉट्युलिझम म्हणून ओळखलं. पेशंटने कुठून काय करून आणलं हे सांगितलं, तरच समोरच्याला शोधता येतं.

तुला लाज वाटते, ते मला दिसतं. ‘आत्या, चमचा आवरता आला नाही म्हणून चाकू लावला, असं म्हणतील.’ म्हणू दे. गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, लकडावालांकडेच, आणि ते लपवलं नाही. माणूस पुढारी असला की ते धाडस, आणि आपली पोरगी असली की आळस, हा न्याय माझ्या डोक्यात शिरत नाही.

तुमच्या सरकारी आरोग्यसेवेवर, एनएचएसवर, तिथे राहणाऱ्याचा हक्क आहे, उपकार नाहीत. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या तिथल्या नाइस संस्थेचं म्हणणंच आहे की अशा पेशंटची किमान दोन वर्षं ऑपरेशनवाल्या पथकाने देखरेख करावी आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा तपासणी व्हावी. बाहेर ऑपरेशन केलेल्यांना ते पथक पटकन मिळत नाही, हेही खरं. तेव्हा तुझ्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या, मागे लाग, चिठ्ठी लिहून घे. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या तपासण्या त्याच्याकडे होतील. पित्ताच्या खड्यांचंही विचार, वजन भराभर उतरलं की ते होतात.

दिवाळीला येशील तेव्हासाठी एक गोष्ट जावईबापूंना पाठ करायला लाव. आपल्याकडे कोणाला उलट्या झाल्या, चक्कर आली, की कोपऱ्यावरचा डॉक्टर आधी ग्लुकोजची बाटली लावतो. तुला तसं चालणार नाही. पोटात दोन-तीन आठवडे काही टिकलं नाही की शरीरातलं बी-१ संपतं, आणि तशात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूवर येतं. माणूस गोंधळतो, डोळे फिरतात, चाल झोकांडते, आणि कधी कधी ते पुरतं भरून येत नाही. आधी बी-१ ची सुई, मग ग्लुकोज. डॉक्टर रागावला तरी हेच सांगायचं. मेडिकलमधून दुखण्याची गोळीही मनाने घ्यायची नाही, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर नाहीच. आणि ‘दुसरी गोड बातमी कधी’ म्हणणाऱ्या बायांना मी बघते. निदान दीड वर्ष तो विषय नको, ते तुझ्या डॉक्टरांनीही सांगितलं असेलच.

सावजी तुझ्यासाठी बंद. सिंधी काकूंना मी काही सांगितलेलं नाही, फक्त म्हटलं छोटीचं पोट नाजूक झालंय. त्या म्हणाल्या, मग साईभाजी पातळ करून देईन. चव घ्यायला दोन चमचे चालतील तुला.

उद्या त्या लोकांना लेखी कळव, की येत नाही, ऑपरेशन नोट पाठवा. व्हॉट्सअॅपवर नाही, मेलवर, जावईबापूंच्या नावाची कॉपी घालून. आलेला कागद आणि बर्मिंगहॅमचा शेवटचा सीटी रिपोर्ट मला पाठव, माझ्याबरोबर काम केलेले एक सर्जन अजून ओपीडी बघतात, त्यांना दाखवते.

आणि तुझ्या बाबाला तूच सांग, मी नाही सांगणार. सकाळी नऊच्या आत फोन कर, नंतर तो बाजारात जातो आणि फोन घरी विसरतो.

तुझी
आत्या