माइक ओंजळीत मावला पाहिजे

हार्बरफ्रंट, सिंगापूर

प्रिय ईशा,



तुझा मेसेज पोचला. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे ॲस्टॅटिकचा जेटी-३० माइक मिळतोय, किंमत तुझ्या निम्म्या पगाराएवढी, आणि शेवटी ‘काका, घेऊ का?’ असा प्रश्न. उत्तर आधी देतो, कारणं मागून येतील. घेऊ नकोस. दिवाळीनंतर नोकरीसाठी इकडे यायचं खरंच ठरत असेल, तर मुळीच घेऊ नकोस.

जेटी-३० मध्ये मूळचं जे एलिमेंट असतं, त्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं, आणि त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत हे रोशेल सॉल्टही होतं. आवाजात त्याला तोड नाही. खरखरीत, धारदार, जुन्या रेकॉर्डवरून उठून आल्यासारखा. पण शेवटी तो क्षारच. दमट हवेत पाणी ओढून विरघळतो, फार कोरड्या हवेत अंगातलं पाणी घालवून बसतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरलीस तर ५५ अंशांच्या आसपास कायमचा कामातून जातो.

आणि इथली हवा? वर्षाची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, पहाटे तर ९० च्याही पुढे. त्यात आमचं घर तेलोक ब्लांगाच्या बाजूला, केपेल बंदराच्या तोंडावर. वर आपण हार्मोनिकावाले ओंजळीत माइक कोंडून त्याच्यावर तोंडातली गरम वाफ सोडणार. श्रावणात आजीची मिठाची बरणी कशी पाझरायची आठवतं ना? त्या स्फटिकाचंही तेच होतं, फक्त बरणी हजारो रुपयांची असते. स्फटिकाऐवजी सिरॅमिक एलिमेंट असेल तर ते दमट हवेला दाद देत नाही, पण आवाज जरा पातळ.

आता तू म्हणशील, ‘पण लिटल वॉल्टर?’ हेच ऐकायची वाट बघत होतो.

१२ मे १९५२ ला शिकागोत या ब्लूज हार्मोनिकावाल्याचं ‘ज्यूक’ रेकॉर्ड झालं. बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत ते ८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि ते गाणं नव्हतंच, नुसती हार्मोनिका. त्या दिवशी वॉल्टरच्या हातात नेमका कुठला माइक होता यावर वादक आजही हमरीतुमरीवर येतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. त्या काळचे हे सगळे माइक भाषणांसाठी, टॅक्सीच्या वायरलेससाठी, हौशी रेडिओवाल्यांसाठी बनलेले. स्वस्त होते, हाताशी होते, म्हणून घेतले. दुसरा हार्मोनिकावाला स्नूकी प्रायर, त्याचं तर म्हणणं होतं की माइकवर वाजवणं आपण आधीच सुरू केलं: लष्करात लाउडस्पीकरवर बिगुल वाजवायचो, सुटून आल्यावर तसंच हार्मोनिकाला जोडलं. खरं-खोटं तेच जाणोत. पण माइक कुणाचा होता यावरून त्यांच्यापैकी कुणी माइक निवडला नाही, एवढं नक्की. आपणच सत्तर वर्षांनी त्यांची हत्यारं देवघरात ठेवायला निघालोय.

त्यांना माइक का लागला, हे समजून घ्यायचं असेल तर आलीस की तुला व्हिवोसिटी मॉलच्या मागच्या धक्क्यावर नेतो. समोर सेंटोसा, डोक्यावरून माउंट फेबरची केबल कार, मधूनच बाटामच्या फेरीचा भोंगा, आणि मॉलमधून लोटणारी माणसं. तिथे साधी मरीन बँड हार्मोनिका काढून कितीही जोरात वाजव, दहा पावलांवरच्या माणसाला तू नुसती उभी दिसशील. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात, शेजारी इलेक्ट्रिक गिटार सुरू असताना, या लोकांची हीच गत होती. (धक्क्यावर ॲम्प नेऊ म्हणशील तर थांब. इथे रस्त्यावर वाजवायचं तर नॅशनल आर्ट्स कौन्सिलकडे आधी ऑडिशन द्यावी लागते.)

आपले कान मात्र वेगळ्या आवाजावर वाढलेत. ‘दोस्ती’तला आर. डी. बर्मनचा माउथऑर्गन घे, किंवा ‘शोले’त अमिताभच्या ओठांवर दिसणारा आणि प्रत्यक्षात भानू गुप्तांनी वाजवलेला. तिथे स्टुडिओतला माइक अंतरावर उभा राहून ऐकतो. सूर जसा आहे तसा, स्वच्छ. ब्लूजमध्ये माइक ऐकत नाही, वाजतो. तो तुझ्या ओंजळीत असतो, आणि ओंजळ किती घट्ट मिटली यावर आवाज ठरतो.

म्हणून माझं एकच सांगणं: माइक आधी हाताने निवडायचा, कानाने नंतर.

हे करून बघ. हार्मोनिका डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत धर, तिच्या मागे माइक, आणि उजवा तळवा बाहेरून लपेट. आता दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढ आणि सूर लांबव. करंगळीखाली फट राहिली असेल तर आवाज चिरका येईल. फट बुजली की खालचे सूर फुगतात, वरची धार कापली जाते, आणि कोंडलेल्या हवेचा दाब इतका वाढतो की ॲम्पच्या आधी माइकमध्येच आवाज फाटायला लागतो. आपल्याला हवा तो जाड, भरलेला आवाज इथे जन्मतो. यात हजारांची वस्तू कुठेच नाही, करंगळी आहे.

तुझी करंगळी आजीवर गेलीय, म्हणजे आखूड. ग्रीन बुलेट हातात घेऊन बघ. १९४९ पासूनचा हा शुअरचा माइक. आताचं मॉडेल ५२०डीएक्स. डायनॅमिक आहे, त्यामुळे दमट हवेचं भय नाही, साधारण १०० ते ५००० हर्ट्झ एवढंच तो उचलतो, म्हणजे वरचा चिरकेपणा आपोआप गाळला जातो, आणि बुडाशी आवाजाचं बटण आहे, जे रंगमंचावर देवासारखं धावून येतं. पण तो जड आणि रुंद आहे. माझ्या पंजात बसतो. तुझ्या हातात हार्मोनिकासकट तो धरला तर ओंजळ मिटणार नाही, आणि तासाभरात मनगट बोलायला लागेल.

तुझ्यासाठी मी बारीक अंगाचा माइक सुचवेन: शुअरचाच एसएम ५७, नाहीतर त्याचा थोरला भाऊ ५४५. ब्लूजवाला पॉल बटरफील्ड ५४५ वर वाजवायचा, तेव्हा यात काही कमी आहे असं मानू नकोस. तोंड लहान असल्यामुळे ओंजळ सहज मिटते. दांडा लांब वाटला तर काही कारागीर मागचा भाग कापून ५७ आखूडही करून देतात. दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, ५७ लो इम्पीडन्सचा. गिटार ॲम्पमध्ये थेट खुपसलास तर आवाज मरतुकडा येईल. मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो. तो केबलच्या टोकाला बसतो आणि फारसा महाग नसतो. दोन, हा माइक समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो म्हणून शिट्टी मारणार नाही, असं दुकानदार सांगेल. ते गायकासाठी खरं. आपण ओंजळीत धरला की त्याची मागची भोकं झाकली जातात आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो. म्हणून ॲम्पपासून बाजूला उभी राहा आणि ट्रेबल उतरव. तरीही शिट्टी आली तर तंत्रज्ञाकडून ॲम्पची पहिली व्हॉल्व्ह, १२एएक्स७, काढून तिथे १२एयू७ बसवून घे. गेन कमी होतो आणि आवाज वाढवायला जागा मिळते.

ॲम्पही लहानच बघ. इथे सरकारी इमारतीत भिंतीला भिंत लागून शेजार असतो, आणि रात्री शांतता पाळायची असते. ओंजळीचा सराव मात्र माइक न जोडताही होतो. नीट मिटलीस तर आवाज खोलीबाहेर जातच नाही. तीच परीक्षा समज.

तर आज काही विकत घेऊ नकोस. बँडमधल्या गिटारवाल्याकडे ५७ असेल, तो उसना माग. ट्रान्सफॉर्मर तेवढा घे. महिनाभर वाजव आणि रेकॉर्ड करून पाठव. मग बोलू.

तुझा,
काका

ता. क. त्या व्यापाऱ्याला एवढं जरूर विचार: जेटी-३० च्या आतलं एलिमेंट मूळचं आहे की बदललेलं? पुष्कळांनी खोकं तेच ठेवून आत शुअरचं कंट्रोल्ड मॅग्नेटिक बसवून घेतलंय. त्याला इथल्या हवेचं काही वाटत नाही आणि ते वाजतंही झकास. तसं निघालं, आणि खोकं तुझ्या ओंजळीत बसलं, तर मला लगेच फोन लाव. घासाघीस मी करतो.