उमेदवाराचा वेळ कोणाचा?

इतिहासाच्या तासाला महार वतन शिकवताना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वतनदाराला सरकारी कामासाठी कोणत्याही प्रहरी बोलावता येई. तो नसला तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. वेळ त्याचा नव्हताच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन-दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच जोखडाविरुद्ध.

हे आठवायचे कारण अलीकडचे. आरोग्य विभागाच्या गट क व गट ड पदांची परीक्षा २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ रोजी होती. ती पुढे ढकलल्याचे आदल्या रात्री कळले. सिरोंच्याच्या मुलाला गडचिरोली गाठायलाच सुमारे २०० किलोमीटर पडतात. त्याचे भाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची? ज्याने तारीख बदलली त्याने, असे माझे स्पष्ट मत आहे. वतनदार निदान सेवेत तरी होता. उमेदवार तर अजून कोणाचा नोकरही नसतो.

बोट केवळ शासनाकडे दाखवून मात्र चालणार नाही. समाजाच्या एका संस्थेत, जागा आधीच ठरलेली असताना, सकाळी दहाला मुलाखतीस बोलावलेली मुलगी चारपर्यंत व्हरांड्यात बसलेली मी पाहिली आहे. खरे तर तिला बोलवायलाच नको होते. निदान नकार दुपारी सांगितला असता, तर एटापल्लीची बस तिला मिळाली असती.