टिल्डवालं पॅकेज

मे २०१६चे पहिले दिवस. एका छोट्या प्रकाशनाची वेबसाइट माझ्या हवाली होती. सर्व्हरवर डेबियन ८, म्हणजे जेसी. त्यातलं एनजिनएक्स १.६.२ आणि मला हवं होतं एचटीटीपी/२, जे १.९.५पासून पुढे मिळतं. मी सोर्सेसच्या यादीत 'टेस्टिंग'ची ओळ घातली, डिस्ट-अपग्रेड सोडलं आणि प्रश्न न वाचताच 'वाय' दाबलं. लिबसी बदलली, पीएचपी बदललं, साइट बसली.

रात्री साडेअकराला पहिल्या नोकरीतल्या ताईंना फोन लावला. ती नोकरी सोडून मला तीन वर्षं झाली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बॅकअप कधीचा आहे?" परवाचा होता. "मग रडतोस कशाला? जेसी नव्याने टाक. मी आहे फोनवर."

पहाटे तीनपर्यंत त्या होत्या. मध्ये त्यांचं बाळ उठलं. त्याला थोपटता थोपटता त्यांनी मला बॅकपोर्ट्स समजावलं. टेस्टिंगमधलं पॅकेज घेऊन जेसीच्याच लायब्ररींवर पुन्हा बांधलेलं. अग्रक्रम १००, स्टेबलचा, म्हणजे जेसीचा, ५००. म्हणजे नाव घेऊन बोलावल्याशिवाय आत येत नाही. "आणि १.६.२ला जुनं म्हणून हिणवू नकोस. आकडा तोच राहतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या आत होत असतात."

बॅकपोर्ट्समधून घेतलेल्या एनजिनएक्सच्या आवृत्तीला '~बीपीओ८' अशी शेपटी होती. डेबियनच्या हिशोबात टिल्ड लागलं की ती आवृत्ती मूळ पॅकेजच्या खाली धरतात. पुढचं डेबियन आलं की तिथलं पॅकेज वर बसतं, हे मुकाट बाजूला होतं. मला ती खूण फार आवडली.

महिनाअखेरीस क्रोम ५१ आला आणि त्यातून एचटीटीपी/२ पुन्हा गेलं. ब्राउझर आणि सर्व्हर एचटीटीपी/२ ज्यातून ठरवतात ते जुनं एनपीएन क्रोमने सोडलं होतं. त्याच्या जागी आलेल्या एएलपीएनला ओपनएसएसएल १.०.२ लागतं, जेसीत १.०.१. काही महिन्यांत बॅकपोर्ट्समध्ये त्याचीही सोय झाली. चेंजलॉग उघडला तर खाली कुणा स्वयंसेवकाचं नाव आणि ईमेल. पत्ता समोर असून दोन ओळी लिहिल्या नाहीत, हे अजून खटकतं.

जून २०१७मध्ये डेबियन ९ आलं. टिल्डवालं पॅकेज ठरल्याप्रमाणे पायउतार झालं. ताईंना कौतुकाने फोन केला.

"छान. आधी बॅकअप घेतला होतास ना?"

मी बाळाची चौकशी केली.