आधी बोटं, मग पाना

कात्रजचा बोगदा मागे टाकून साताऱ्याच्या दिशेने निघालं की भोर तालुक्यात शिवरे लागतं. हायवेमुळे इथली हवा पुरती गप्प कधीच होत नाही. भाताच्या खाचरांवर पहाटेचं धुकं उतरलेलं असतं, तेव्हाही ट्रकचे गिअर कुरकुरत असतात. लहान विमानांच्या इंजिनांपाशी निम्मं आयुष्य काढून मी इथे राहायला आलो, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. रस्त्यावरच्या मोटरसायकलचा एक ठोका चुकला तरी हातातला घास थांबतो. वाटतं, स्पार्क प्लग असेल. किंवा प्लगचे आटे.

ही जागाच मोठी नाजूक. सिलिंडरचं हेड ॲल्युमिनियमचं, हलकं आणि मऊ, प्लग पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. या दोघांचं जमावं म्हणून विमानाच्या हेडमध्ये मुळातच स्टेनलेस स्टीलच्या तारेचं एक वेटोळं बसवतात. त्याला हेलिकॉइल म्हणतात. तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा. बाहेरची कड हेडमध्ये रुतते, आतली कड प्लगला आटे देते. 18 मिलिमीटरच्या त्या भोकात वर्षानुवर्षं संसार सुरळीत चालतो. मग एक दिवस कार्बनने धरून ठेवलेला प्लग सोडवताना वेटोळंच त्याच्याबरोबर बाहेर येतं. नाहीतर कुणीतरी घाईने पाना चालवतो आणि आटा तिरका चढतो.

अशा वेळी आधी नुसतं बघायचं. भोकात उजेड धरून, सावकाश. कडेला केसाएवढी चीर दिसली तर दुरुस्तीचा विचार सोडायचा. तो सिलिंडर बाद. हेडमधले आटे थोडेच खाल्लेले असतील तर किंचित जाड वेटोळं मिळतं. आटे पाडायचा टॅप फिरवायची वेळ आलीच तर त्याच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कीस त्यात अडकतो. आत पडलेला कीस सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढतो, म्हणून सिलिंडर उतरवून हे काम केलेलं बरं. नवं वेटोळं भोकापेक्षा मुद्दाम मोठं घडवलेलं असतं. हत्याराच्या दांड्यावर आवळून ते आत फिरवत न्यायचं. सोडलं की फुलतं आणि स्वतःच्याच ताणाने धरून राहतं. ते नीट बसल्याचं डोळ्यांना नंतर दिसतं, मनगटाला आधी ऐकू येतं.

बारामतीला शिकाऊ वैमानिक सेसना उडवतात. अशा चार सिलिंडरच्या इंजिनात प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला दोन, ठिणगीची वीज देणाऱ्या वेगवेगळ्या मॅग्नेटोंवर चालणारे. उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे जरा उतरतात, इंजिन चालतच राहतं. एकाच्या खांद्यावर सगळा भार टाकायचा नाही, हे शहाणपण या यंत्रात पहिल्यापासून घडवलेलं आहे.

प्लगचीच एक जुनी गोष्ट आहे. 1930 साली आगाखान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने विमान न्यायची स्पर्धा लागली होती. कराचीहून निघालेले जेआरडी टाटा इजिप्तमध्ये अबूकीरला उतरले, तर समोरून इंग्लंडहून आलेले ॲस्पी इंजिनिअर प्लगअभावी तिथेच अडकून पडलेले. जेआरडींनी जवळचे जादा प्लग काढून दिले. स्पर्धा ॲस्पींनी जिंकली. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींचं मन मोठं होतंच. मला मात्र या गोष्टीत मुठीत मावणाऱ्या त्या प्लगचंही मोल दिसतं. तो नसेल तर आभाळ मोकळं असूनही माणूस जमिनीवरच.

शिवऱ्याच्या रस्त्याकडेला गॅरेजमधली पोरं मला कधी विचारतात, विमानाचं काम वेगळं कसं? वेगळं फारसं नसतं. आटे पुसा. प्लग बोटांनी फिरवा आणि तळापर्यंत तो बोटांनीच जाऊ द्या. अडला तर जोर लावू नका, मागे घ्या. पाना शेवटी, तोही सांगितलाय तेवढाच. विमानाच्या लायकमिंग इंजिनाला 30 ते 35 फूट-पाउंड पुरतात. आणि हातातून पडलेला प्लग पुन्हा बसवू नका, त्याच्या आतली चीर बाहेरून दिसत नाही.